भाग दोनमध्ये माझी बायको

चहा संपवून घ्या आधी. हा किस्सा ऐकताना लोक नको तिथे हसतात, आणि मग मी गप्प झालो की त्यांना अवघडल्यासारखं होतं. तुमचं तसं होऊ नये.

तर, मी माझ्या बायकोला मारलं.

घाबरू नका. हात उगारण्याची माझी प्राज्ञा नाही. तुम्ही सुमनला पाहिलेलं नाही म्हणून डोळे मोठे करताय. मी तिला टीव्हीवर मारलं. तेही माझ्या हातानं, राजीखुशीनं, खुर्चीवर बसून.

मी सुरतेत, लिंबायतला राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं धुळे-जळगावकडची. मी लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागावर, मिस्त्री. शाळा लवकर सुटली, लिहायची सवय नंतर मीच मला लावली. रोज संध्याकाळी दिवसभरातलं काहीबाही लिहून ठेवतो, त्यामुळे सांगताना बारीकसारीक गोष्टी मध्ये येतात. सांभाळून घ्या.

ज्या शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली ती शेड बंद पडली. लूम तिथेच उभे, अंगावर प्लास्टिक आणि त्यावर धूळ. मी दुसरीकडे कामाला लागलो. मागच्या थंडीत जुन्या शेठचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, फिलमवाळा आव्या छे. चार लूम चालू करून द्यायचे. आवाज पाहिजे म्हणतात."

मला वाटलं, चला, आपल्या लूमला कुणीतरी विचारलं.

सिनेमा थिएटरचा नव्हता. फक्त टीव्हीसाठी केलेला, आणि तोही भाग दोन. पहिल्या भागात म्हणे एका मुलीनं आकाशातून उतरलेल्या लोखंडी माणसांना पळवून लावलं होतं. तिचा एक हात विजेचा. या भागात ती लोखंडी माणसं परत येतात आणि जुन्या कारखान्यात लपतात. तो कारखाना म्हणजे आमची शेड. माझ्या लूमना निळे दिवे लावले आणि मला सांगितलं, हा शत्रूचा मेंदू.

मी म्हटलं, "साहब, इस पे तो पॉलिस्टर बनता था."

डायरेक्टर म्हणाला, "मास्टरजी, अब दिमाग बनेगा. आप बैठिए." आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली.

तिथेच मी संपलो. त्या शेडमध्ये इतकी वर्षं काढली, पण मला कुणी खुर्ची दिली नव्हती. मोडक्या बॉबिनच्या पेटीवर बसून डबा खाल्ला. आता मी खुर्चीवर, हातात कागदी कपात चहा, आणि विजेच्या हाताची हिरॉईन येता-जाता मला नमस्ते अंकल म्हणते. माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवशी भिंती सजवणारी एक मुलगी धावत आली. हिरॉईनच्या आईचा फोटो हवा होता. आई पहिल्या भागातच मेली होती, आणि ते काम केलेली बाई आता फोटो वापरू देत नव्हती.

"अंकल, आपके घर में किसी आंटी का फोटो है?"

"कैसी आंटी?"

"बस, माँ जैसी लगनी चाहिए."

मी मोबाईल काढला. त्यात सुमनचा एक फोटो होता, नात्यातल्या लग्नातला. हिरवी साडी, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की समोरच्यानं गुन्हा कबूल करून टाकावा.

मुलगी बघतच राहिली. "अंकल, इनकी आँखें देखो. पूरी दुनिया का दर्द है."

दुनियेचं नव्हतं हो. त्या मांडवात तिची नवी चप्पल कुणीतरी घालून गेलं होतं.

मी फोटो पाठवला. तासाभरात तो मोठा होऊन, चौकटीत बसून भिंतीवर आला. मग त्या मुलीनं पिशवीतून चंदनाची माळ काढली आणि फोटोला घातली. खाली समई.

जित्या बाईच्या फोटोला माळ. मला काय कळत नव्हतं का? वाटलं, उठून म्हणावं, "बाई, काढा ती." पण दिवे लागले होते, कॅमेरा सरकत होता, सगळे शांत झाले होते, आणि उठलो असतो तर खुर्ची कुणीतरी नेली असती. मी बसून राहिलो.

घरी मी हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते समजायला सुमनचं माहेर समजून घ्यावं लागेल.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकींचा सण. भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला आम्ही मूळ येणं म्हणतो. मग माहेरी झोके, गाणी, पुरणाच्या पोळ्या. सुमनचा भाऊ रघुनाथ दर वर्षी यायचा. मग सासूबाई गेल्या. निरोप आला तेव्हा मी कामावर होतो, निघायला उशीर झाला, रस्त्यात गाडी बंद पडली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. रघुनाथ थांबला नव्हता.

सुमन त्याला भर अंगणात म्हणाली, "आईचं तोंड तरी बघू द्यायचं होतंस."

तो म्हणाला, "तुला वेळेवर यायचं होतं."

झालं. त्यानंतर मूळ आलं नाही. सुमन म्हणायची, मला काही पडलेली नाही. पण आखाजीच्या आठवड्यात कपाटावरची तिची पिशवी खाली उतरलेली असायची, आणि सण झाला की परत वर जायची. मी पाहायचो. अशा बाईला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो, की तुझ्या फोटोला माळ घातलीय आणि मी चहा पीत होतो?

सिनेमा टीव्हीवर आला तो उन्हाळ्यात, रविवारी दुपारी, आखाजी तोंडावर असताना. मी सुमनला शेजारच्या लताबाईंकडे पापड लाटायला धाडलं. दार लावलं. मोबाईलचा आवाज बंद केला. फोटो एकदा दिसेल, क्षणभर, आपण बघू आणि विसरू, असा माझा हिशेब.

कसला क्षणभर. ती हिरॉईन प्रत्येक लढाईआधी फोटोसमोर दिवा लावायची. आणि सिनेमा मारामारीचा. तिला लढायांशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. सुमनची नजर पडद्यावरून थेट माझ्याकडे. शेवटी शत्रूचा राजा फोटो फोडतो. मग हिरॉईन अशी काही खवळते की माझे चारही लूम धूर सोडायला लागले. माझी बायको पूर्ण सिनेमाभर मेलेली होती, आणि तिच्याच जिवावर जग वाचलं.

मी टीव्ही बंद केला. घाम पुसला. सुटलो म्हटलं.

तिकडे गावी काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. रघुनाथच्या शेजारी कुणीतरी तोच सिनेमा बघत होतं. "अरे, ही तर सुरतची सुमनताई," म्हणून त्यानं पडद्याचा फोटो काढला आणि गंमत म्हणून पुढे पाठवला. पुढच्यानं कडा छाटल्या, कारण चॅनेलचं नाव मध्ये येत होतं. त्याच्या पुढच्यानं नुसता माळ घातलेला फोटो पाहिला, हळहळला, आणि दोन पणत्या जोडून खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. दिवेलागणीला तो नातेवाइकांच्या ग्रुपवर होता. त्या ग्रुपमधून आम्हाला भांडणानंतर काढलेलं. सुमनचा फोन साधा बटनांचा, तोही पापडांच्या नादात लताबाईंकडे पडलेला. वाजून वाजून थकला.

मग रघुनाथनं मला लावला. मी जेवायला बसलो होतो. सुमन समोर भाकरी वाढत होती. स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं. इतक्या काळानं फोन, आणि नेमका आज. यानं सिनेमा पाहिला. आता हा सुमनला सांगणार.

मी उठून मोरीजवळ गेलो, आवाज अगदी बारीक केला.

"दाजी," तो म्हणाला, "फोटो आला. ताईचाच का?"

"हो. तिचाच."

"दाजी..."

"रघुनाथ, आत्ता बोलता येत नाही रे. घरात... नंतर बोलू."

माझा आवाज कापत होता. भीतीनं. त्याला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. तिकडून फक्त एवढंच आलं, "आम्ही निघतो." आणि फोन बंद.

मला वाटलं, भांडायला येतोय. बहिणीच्या फोटोला माळ घातली म्हटल्यावर कुणाचंही रक्त तापेल. मी ठरवलं, सकाळी लवकर चौकात उभं राहायचं, त्याला तिथेच गाठायचं, हातापाया पडायचं, आणि चहा पाजून परत पाठवायचं. सुमनला पत्ता लागू द्यायचा नाही. फार विचारपूर्वक ठरवलं होतं हो.

सकाळी चौकात उभा होतो. धुळ्याकडची एक क्रूझर आली, गच्च भरलेली. आधी रघुनाथ उतरला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी हात जोडणार तेवढ्यात त्यानं माझ्या गळ्यात मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागला. "दाजी, मन्ही बहीन."

मला भरून आलं. म्हटलं, बघा, रक्ताचं नातं. भांडायला आला आणि पाघळला. आणि मीही रडलो. चौकात, रिक्षावाल्यांसमोर, आम्ही दोघं गळ्यात गळा घालून.

मग मोठ्या काकू उतरल्या, सुमनच्या चुलती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आंघोय घाली का तिले?"

मला प्रश्न विचित्र वाटला. पण मोठ्या माणसाला काय उलट विचारायचं? म्हटलं, "तिची ती करते ना काकू. पहाटेच करते."

काकूंनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

तेवढ्यात माझं लक्ष रघुनाथच्या काखेकडे गेलं. कागदात गुंडाळलेली हिरवी साडी, वर बांगड्या आणि हळदीकुंकवाची पुडी. आता हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल: आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत.

तेव्हा कळलं. चौकात उभ्या उभ्या, एका साडीकडे बघून, सगळं एकदम कळलं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत बायका गल्लीत शिरल्या होत्या. आणि आमच्या बायका दुःखाच्या दारी मुक्यानं जात नाहीत. गल्लीच्या तोंडापासून सूर लागतो. मी मागून "अहो, थांबा," म्हणत धावतोय, आणि लोकांना वाटतंय हा बिचारा वेडा झाला.

आमच्या पलीकडच्या घरी एक म्हातारे फार आजारी होते. रडणं ऐकून सुमनला वाटलं, तेच गेले. हातातलं लाटणं टाकून तिनं पदर डोक्यावर घेतला, बाहेर धावली, आणि समोर आलेल्या पहिल्या बाईच्या गळ्यात पडून रीतीप्रमाणे रडायला लागली. ती बाई म्हणजे तिचीच वहिनी, रघुनाथची बायको. दोघींचे चेहरे एकमेकींच्या खांद्यावर. दोघी मनापासून रडताहेत.

मग सुमनला आवाज ओळखीचा वाटला. "वयनी? तू कशी आठे? कोन गयं वं?"

वहिनी रडता रडता म्हणाली, "तूच गई ना वं माय."

आणि मग तिनं मान वर केली.

वहिनी मटकन खाली बसली. काकूंनी सुमनचा गाल चाचपला, मग हात, मग परत गाल.

पुढचं सगळं अहिराणीतच झालं, पण तुमच्यासाठी साध्या मराठीत सांगतो.

मी म्हटलं, "सिनेमा होता. फोटो सिनेमातला आहे. भाग दोन."

काकूंनी विचारलं, "भाग एकमध्ये काय झालं होतं?"

"त्यातच ती मेली होती."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. तीच नजर, फोटोतली. "मला कधी मारलं?"

"थंडीत."

"आणि आज कळवताय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तेवढंच म्हणाली आणि रघुनाथकडे वळली. तो ओट्यावर बसला होता, साडी मांडीवर, आणि तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"रात्रभर गाडीत एकच वाटत होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्यासाठी मी थांबलो नव्हतो. आता दाजी माझ्यासाठी कशाला थांबतील?"

सुमन आत गेली, तांब्या भरून आणला, त्याच्या हातात दिला. "पाणी पी आधी." तो पाणी पीत असताना तिनं त्याच्या मांडीवरची साडी उचलली, कागद सोडला, काठ बोटांत धरून उजेडाकडे केला.

"कुठून घेतली?"

"धुळ्याहून."

"सुरतचीच आहे. काठ विरळ निघालाय. बघून घ्यायची होतीस."

"त्या वेळी काठ कोण बघतं, ताई?"

कुणीतरी हसलं. बहुतेक वहिनीच. मग दुसरी हसली, आणि मग सगळ्याच पदर तोंडाला लावून. ज्या डोळ्यांत अजून पाणी होतं त्याच डोळ्यांनी. मीही हसायला लागलो, तर सुमननं पाहिलं आणि मी थांबलो.

प्रश्न साडीचा उरला. काकू म्हणाल्या, "हाई लुगडं आते घर लई जावानं नहीं." परत न्यायची नाही, टाकायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. ज्या कामासाठी आणली ते काम तर झालं नाही. काकूंनी थोडा विचार केला आणि निकाल दिला: भावानं आणलीय, आखाजी तोंडावर आहे, गाडी दारात आहे, हेच मूळ समजायचं. रघुनाथला कुंकू लावायला सांगितलं. त्यानं तिच्याकडे न बघताच लावलं, तर कुंकू सुमनच्या नाकावर सांडलं.

ती साडी नेसून बाहेर आली. हातात पिशवी होती. तिला भरायला काही वेळ लागला नाही, एवढंच सांगतो.

सगळे गाडीत बसले. ज्या गाडीनं येताना गल्ली रडवली, तिच्यात आता बायका झोक्याची गाणी आठवत होत्या. मी खिडकीपाशी गेलो. म्हटलं, "सुमन, कधी येशील?"

ती समोर ड्रायव्हरच्या आरशात बघून कुंकू पुसत होती. काच वर गेली. गाडी बारडोलीच्या रस्त्याला लागली.

मी घरी आलो. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी तशीच. परातीतली कणीक वाळत चाललेली. शेगडी थंड. कुणाची चूक आहे हे विचारायला घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे उत्तर फार लवकर मिळालं. मी खाली भिंतीला टेकून बसलो. दुपार झाली तरी तसाच होतो.

तेवढ्यात दारात गुलाबराव. जुन्या शेडमधला माझा सोबती, आता डिंडोलीला राहतो. हातात डबा. मोबाईलवरचा फोटो त्याच्यापर्यंतही पोचला होता. गावी गेलेली बातमी त्याच्याकडे उलट फिरून आली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ओळखीची माणसं जेवण आणतात. कडवा घास म्हणतात त्याला.

मी म्हटलं, "गुलाबराव, ऐका, तसं काही..."

"काही बोलू नका." त्यानं डबा उघडला. पिठलं, भाकरी, बाजूला हिरवी मिरची. "आधी दोन घास खा."

मी सकाळपासून उपाशी होतो. तुम्ही माझ्या जागी असता तर आधी बोलला असता, हे मी मान्य करतो. मी आधी खाल्लं.

गुलाबराव बोलत राहिला. सुमनवहिनी कशा होत्या. डब्यात त्याच्यासाठी वेगळी चटणी कशी द्यायच्या. मी शिफ्टवरून उशिरा यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी येऊन कशा उभ्या राहायच्या. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती कचरा टाकायला बाहेर आलेली असते. आणि मग मी खरंच रडायला लागलो, भाकरी हातात धरून. आता या माणसाला कसं सांगणार, की ती जिवंत आहे आणि क्रूझरमध्ये बसून मजेत माहेरी गेलीय? त्यानं माझे डोळे पुसले. जाताना म्हणाला, "उद्या आपल्या शेडमधला भगवान डबा आणेल. आम्ही वाटून घेतलंय. तुम्ही काळजी करू नका."

तो कोपऱ्यावरून वळला आणि फोन वाजला. रघुनाथच्या फोनवरून सुमन. नवापूरला चहाला थांबले होते. मागे रघुनाथचं हसणं ऐकू येत होतं.

"जेवलात का?"

"हो."

"कुणी दिलं?"

"गुलाबरावानं. डबा आणला होता." मग खोटं बोलण्यात आता काही राम नव्हता, म्हणून सांगून टाकलं. "तुझ्याच नावाचा."

पलीकडे तिनं चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "मग चालू द्या त्यांचं. मी तेराव्यालाच येते."